चाळीत अब्बांची खोली कितवी?

जायचं ठरलं ते एका छोट्याशा सूचनेमुळे. छत्रपती संभाजीनगरला, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, जुन्या सूतगिरणीच्या कामगारांची चाळ डागडुजी करून जपलीय. तिथे कुणा मुलीने कोड्याची डबी लपवली होती. जिओकॅशिंगचा खेळ हा असा: कोडं सोडवायचं, अक्षांश-रेखांशातले गाळलेले आकडे भरायचे, मोबाइलच्या जीपीएसवर डबी गाठायची आणि आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं. या कागदावर अजून एकही नाव नव्हतं. 'अब्बा रोज विचारतात, कुणाला सापडली का. नाही म्हणायचा कंटाळा आला. रविवारी डबी काढून घेते,' असं तिने वेबसाइटवर टाकलं होतं. ते वाचून मला राहवेना. नवऱ्याला, दिनेशला म्हटलं, शनिवारी निघायचं, आणि डबी मिळाल्याशिवाय परतायचं नाही.

सोयगावहून सकाळची एसटी धरली. मला अर्धं तिकीट आणि दिनेशला पूर्ण, म्हणून तो फर्दापूरपर्यंत कुरकुरत होता. अजिंठ्याचा घाट चढेपर्यंत मी चार आकडे सोडवले. सिल्लोडला बस थांबते तेव्हा गरम भजी घ्या, पुढे शहर येईपर्यंत भागतं. मी मात्र पाचव्या ओळीशी झटापट करत होते: 'अब्बा आयुष्यभर बदलीत. गाव एकदाही सोडलं नाही. सांगा, चाळीत त्यांची खोली कितवी?'

माझे वडील महसूल खात्यात होते. आमच्या घरी बदली म्हणजे टेम्पोत भांडी आणि नवी शाळा. गाव न सोडता बदली कशी होणार? या खोलीतून त्या खोलीत गेले असतील, असा मी अर्थ लावला.

उस्मानपुऱ्यात इडली खाल्ली, रिक्षाने चाळीवर गेलो. तिकीट किरकोळ आहे, पण पाणी सोबत न्या, आत मिळत नाही. नऊ खोल्यांची एक ओळ. प्रत्येक दारावर तिथे राहिलेल्या कामगाराची पाटी, आत चूल, मोरी आणि पाळण्याची कडी. पहिल्याच खोलीत फलक होता की या खोल्या कायम कामगारांनाच मिळत. तो वाचून मी पुढे गेले. एकपासून नऊपर्यंत आकडे भरत गेले. आकडा बदलला की जागा थोडी पुढे सरके. प्रत्येक खोलीचा कोपरान् कोपरा पाहिला, उंबऱ्याखाली हात घातला. काही नाही.

"बास झालं आता," दिनेश वैतागला. "लई ऊन झालंय. डबी नाय इथं. चल, नान-खलिया खाऊ."

"तू जा. मी परत पहिल्यापासून बघते."

तो गेला नाही. दारातल्या सावलीत बसून राहिला. तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि तिकिटाच्या बाईंना म्हणाले, "रोजचे मामू नाय का आज?"

"ते रजेवर हायत," बाई म्हणाल्या. "मी बदलीवर आलेय, आजच्यापुरती."

मी तिथेच थांबले. गिरणीतली बदली ही असणार! कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. असा माणूस कायम नाही, मग त्याला खोली कुठली? मी पाचव्या आकड्याच्या जागी शून्य भरलं.

मोबाइलवरचा बाण चाळीकडे पाठ करून रस्त्याकडे वळला. फाटकाच्या बाहेर, जुन्या लोखंडी खांबामागे, चुंबकाने चिकटवलेली डबी होती. कागदावर वर लिहिलं होतं: 'शेख युसूफ, बदली कामगार. काम मिळेल का बघत रोज सकाळी इथे उभे राहायचे.' नऊ दारांवरच्या पाट्यांत हे नाव नव्हतं. माझे डोळे भरून आले. दिनेश म्हणाला, "लिही की आता." त्याच्याच पाठीवर कागद ठेवून मी आमची दोघांची नावं लिहिली. मग नान-खलियाही झालं.

घरी पोचल्यावर वेबसाइटवर 'सापडली' अशी नोंद केली. एवढ्या दगदगीची डबी, आत बक्षीस म्हणून काहीच नाही, असं दिनेश अजून चिडवतो. मुलीचं उत्तर सकाळी आलं: 'डबी तिथेच ठेवतेय. अब्बांना वाचून दाखवलं. काम मिळालं की गिरणीत जायचे, पण चाळीचं फाटक ओलांडून ते कधी आत गेले नाहीत. विचारतायत, तुम्ही आत गेला होतात का? खोल्या कशा आहेत?'

मी चहा बाजूला ठेवला आणि पहिल्या खोलीपासून लिहायला बसले.