दत्तोबाचं तिकाटणं

दत्तोबा गेला हे मला सांगितलं बारामतीहून इंदापूरला येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं. तेही टपावरची पोती खाली ढकलता ढकलता. "मास्तर, त्यो हाललेल्या फोटुवाला गेला की वो परवा!" अख्ख्या तालुक्याची लग्नं, बारशी, बैलजोड्या ज्यानं काचेवर उतरवल्या, त्याच्यामागं एवढंच नाव उरलं. त्या ड्रायव्हरच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. कारण ते नाव दत्तोबाला मिळालं ते माझ्यापायी, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही एका शाळेतले. मी शिकून मास्तर झालो, म्हणजे दुसऱ्याला अक्कल शिकवायचा परवाना मिळवला. दत्तोबानं पुण्याला एका फोटोवाल्याकडं प्लेटा धुतल्या आणि परत येऊन बारामतीत स्टुडिओ काढला. स्टुडिओ कसला, पत्र्याची खोली आणि मागं रंगवलेला पडदा. त्यावर हंस होते, पण ते बदकांसारखे दिसत. कॅमेरा मात्र खरा. लाकडी, भात्याचा, मोठ्या प्लेटचा, जुना घेतलेला. त्याला स्टँड नव्हता. खोलीत टेबलावर ठेवून भागायचं, पण बागायतदार मंडळी फोटो काढून घेणार ते आपल्या दारात, आपल्या बैलांसकट. तिथं टेबल कोण नेणार?

मग गडी स्टँड शोधू लागला, आणि माझं डोकं उठलं. पुण्यात सागवानी, पितळी बिजागऱ्यांचा एक होता. त्याची किंमत ऐकून दत्तोबा नुसता हात लावून परत आला. दुकानदारानं म्हणे पायातल्या वहाणांकडं आधी पाहिलं. पाहणारच! शहरातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पायांपासून कळतं, डोक्यापर्यंत तो कधी पोचतच नाही. दुसरा होता हलका, नळ्यांचा, एकात एक सरकणारा, छत्रीएवढा. स्वस्त. आणि तिसरं होतं कालव्याच्या कचेरीतून लिलावात निघालेलं मोजणीदाराचं जुनं तिकाटणं. जाड लाकडाचे तीन पाय, टोकाला लोखंड, वर दुर्बीण बसवायची चकती.

दत्तोबा त्या तिकाटण्यावर लुब्ध. माझ्यासमोर त्याला चक्क लोंबकळला. "बघ, हालतंय का? सुताराकडनं वर फळी बसवून घेतली की झालं काम. स्टँडाला दुसरं काय लागतंय रं? हालू न्हाय, एवढंच."

"आणि हे धूड खांद्यावर टाकून लग्नाला जाणार?" मी म्हणालो. "लोक म्हणतील, शेत मोजायला आलाय. वऱ्हाडी पळतील. अरे, फोटोग्राफर आहेस का कालव्यावरचा पाटकरी? जरा ऐटीत राहायला शीक!"

दोन दिवस मी त्याच्या मागं लागलो. शेवटी त्यानं तो नळ्यांचा स्टँड घेतला. मीच पसंत केला, मीच उघडून दाखवला, आणि चारचौघांत सांगत फिरलो की दत्तोबाला वळण लावलं ते मी. त्याला स्टँडातलं सगळं कळत होतं आणि मला काडीचं कळत नव्हतं. पण बोलणं माझं चाले. मास्तर ना मी!

त्याच साली आमच्या गावी, कऱ्हाटीला, माझी आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणायची, कधी समोर बसली नाही. मी मोटार पाठवून दत्तोबाला आणवला. अंगणात आईला अंघोळ घातली होती, मळवट भरला होता, हिरवं लुगडं नेसवून पाठीशी पाट देऊन बसवली होती. अंघोळीच्या पाण्यानं अंगणाचा चिखल झालेला. दत्तोबानं स्टँड मांडला, पाय दाबून पाहिले, आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. काळ्या कापडात डोकं घातलं. पहिल्या प्लेटला बारीक पाय चिखलात रुतत गेला. दुसरीला त्यानं पायाखाली दगड दिला, तर नळीचा स्क्रूच सरकला. तिसरी प्लेट नव्हती. तिरडी तयार होती, मंडळी खोळंबली होती.

बारामतीत प्लेटा धुतल्या तेव्हा आईला दोन नाकं आणि चार डोळे. मळवट सगळ्या तोंडावर फराटलेला. आमचे थोरले बंधू स्टुडिओच्या दारात उभं राहून ओरडले, "फोटोग्राफर म्हणं! माज्या आईचं भूत केलंस की रं!" पेठेतली माणसं जमली. दत्तोबा मान खाली घालून म्हणाला, "आबा, स्टँड माझा, चूक माझी."

आणि मी? मी तिथंच उभा होतो. मान हलवली. चक्क मान हलवली, बंधूंच्या बाजूनं! माझ्याइतका भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढं ते लिलावातलं तिकाटणं त्यानं कन्हेरीच्या एका माळव्यावाल्याकडनं शोधून विकत घेतलं. तो त्याला तराजू टांगून वांगी तोलत होता. मरेपर्यंत दत्तोबानं तेच वापरलं. एकही फोटो हलला नाही. पण लोकांना तो एकच लक्षात राहिला. लोकांची आठवण असलीच असते.

परवा दत्तोबाच्या घरी वहिनींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. स्टुडिओची खोली झाडलेली, कॅमेरा तिकाटण्यावर तसाच. हा लेख लिहायचं ठरवलं होतं, म्हणून आधी त्यांना सांगावं असं वाटलं. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "वहिनी, तो स्टँड मी घ्यायला लावला होता."

वहिनी जराही चमकल्या नाहीत.

"ठाव हाय मला, भावजी. त्याच दिशी सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणलं, त्येची आई गेलीया, आता त्येच्या डोक्यावर ह्ये कशाला. कुणाला बोलू नगंस."

मग त्याच पुढं म्हणाल्या,

"पर तुमी आपणहून सांगाल म्हून लई वाट बघितली. दर दिवाळीला तुमी फराळाला यायचा न्हवं? तुमी गेलासा की म्हणायचे, औंदाबी न्हाय बोलला."