मुठीतली मोहरी

गारा हवेत विरून जात नाहीत. त्यांना कुठेतरी पडावंच लागतं. एवढी साधी गोष्ट गावातल्या कुणाच्या डोक्यात आली नसेल असं नाही, पण कुणी कधी विचारलं नाही. आपल्या जवावर पडल्या नाहीत म्हणजे झालं.

त्या वळवायचं काम लुंडुपचं. सगळं गाव त्याला अकू म्हणजे काका म्हणायचं. त्याचा बाप, आजा, पणजा हेच करत आले होते. चौथ्या महिन्यात तो टेकडीवरच्या दगडी खोपीत राहायला जायचा, तो कापणी होईपर्यंत खाली उतरायचा नाही. जन्मात कात्री न लागलेल्या जटा डोक्याभोवती गुंडाळलेल्या, कमरेला तीनधारी लाकडी खिळा आणि मंतरलेल्या मोहरीची थैली. खिंडीतून काळा ढग आला की तो हाडाचा कर्णा फुंकायचा, मूठभर मोहरी ढगावर भिरकावायचा आणि खिळा रोखून त्याला डावीकडे ढकलायचा, मारथांगच्या ओसाड उतारावर. एकतीस उन्हाळ्यांत गावाची एक लोंबी पडली नव्हती.

त्या बदल्यात गावाने नियम पाळायचे. चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं नाही, लोकर जाळायची नाही, टेकडीवर मोबाईल न्यायचा नाही. आणि एकदा कर्णा वाजला की कुणीही, अगदी घर पेटलं तरी, टेकडी चढायची नाही.

यंदा मात्र मारथांग ओसाड राहिला नाही.

लुंडुपची मुलगी चाकमो पाच वर्षं शहरात हॉटेलातली भांडी घासून परत आली होती. नवरा तिकडेच राहिला. कुणाबरोबर ते तिने सांगितलं नाही आणि बापाने विचारलं नाही. बर्फ वितळल्यावर तिने मारथांगवर प्लास्टिकचे सात मांडव उभे केले आणि आत मिरची लावली. लुंडुपला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

"दुसरीकडे जमीन नाही मिळाली तुला?"

"दुसरीकडे लोक आहेत, आबा. ही रिकामी होती."

"का रिकामी होती ते ठाऊक आहे ना?"

चाकमो हसली. "तुम्ही गारा पाठवता म्हणून? मग यंदा नका पाठवू. नाहीतर पाठवाच! बघू तरी तुमच्या मोहरीत किती दम आहे."

बाप हसला नाही. मुलीचा विश्वास नाही याचं त्याला वाईट वाटलंच. पण आपला आहे, याची त्याला जास्त भीती वाटली.

तो उन्हाळा विचित्र गेला. ढग यायचे, खिंडीत थबकायचे आणि परत फिरायचे. एकदाही गार पडली नाही. गाव खूश होतं, लुंडुपला मात्र घास गिळवेना. इतकी वर्षं तो त्या ढगांना ओळखत होता. असे दारात येऊन आत न येणारे पाहुणे त्याने पाहिले नव्हते. त्याची नजर सारखी डाव्या बाजूला जायची. मांडव डोंगराच्या सोंडेआड होते, टेकडीवरून फक्त तिकडे जाणारा रस्ता दिसायचा.

कापणीला चार दिवस उरले. त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. कड्यावरचे कावळे कुठे गेले कुणास ठाऊक. चाकमोची लाल तीनचाकी मारथांगचा रस्ता चढताना लुंडुपने पाहिली आणि मग तो दुपारपर्यंत ती परत यायची वाट बघत बसला.

ती आली नाही. आला तो शावो, गावचा मुखिया, धापा टाकत.

"अकू, एक सांगायचं होतं. रागावू नका."

"मुखियावर रागावून मी राहू कुठे? बोल."

"आमच्या हिचं दूध उतू गेलं सकाळी. पार चुलीत. वास गेला गावभर."

"मोबाईल बघत बसली असेल."

"मोबाईलच! आणि त्यात काय बघत होती, तर हवामान!"

लुंडुपला हसू आलं. "मग काय म्हणतं तिचं हवामान?"

"कडक ऊन म्हणतं."

दोघांनीही खिंडीकडे पाहिलं. ढगाचा तळ शाईसारखा काळा होता आणि कड तांबूस. आज तो थबकला नाही.

"शावो, पळ खाली. चाकमोला फोन लाव. तिथून आधी निघ म्हणावं."

शावो ठेचकाळत उतरला. तेवढ्यात वारा सुटला आणि मारथांगचा रस्ता धुळीत बुडाला. लाल काही दिसतंय का म्हणून लुंडुप डोळे ताणून बघत राहिला. कर्णा हातात होता. तो फुंकायला त्याने जन्मात उशीर केला नव्हता, आज केला. शेवटी ढग पार डोक्यावर येऊ लागला तेव्हा त्याने फुंकला.

मग मुठीत मोहरी घेतली. उजवीकडे बावन्न घरांचा पिकलेला जव होता. डावीकडे, त्याच्या समजुतीप्रमाणे, प्लास्टिकच्या मांडवात त्याची एकुलती एक मुलगी होती. त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. हाताला काही झालं नव्हतं. त्यानेच पुढे नेला नाही.

पंधरा मिनिटं गारा पडल्या, अंड्याएवढ्या. तेवढ्या पुरल्या. खोपीच्या दारातून त्याने सगळं पाहिलं. शेत पिवळं होतं ते आधी पांढरं झालं आणि मग मातीच्या रंगाचं.

तो खाली उतरला तर पायथ्याशी लाल तीनचाकी उभी, आणि चाकमो तिच्याखाली अंग चोरून बसलेली. कपाळावर रक्त होतं.

"तू इथे?"

"सकाळपासून सगळं काढत होते, आबा. मिरच्या तोडल्या, प्लास्टिक गुंडाळलं. शावोकाकांचा फोन आला तेव्हा मी वाटेतच होते. तुम्हाला सांगायला इथवर आले, तर कर्णा वाजला."

"अगं, मग वर का नाही आलीस?"

"कर्णा वाजल्यावर कुणी वर जातं का?"

"तुझा तर विश्वास नव्हता ना? मग मांडव का काढलेस?"

"भीती वाटली." तिने मान खाली घातली. "तुमच्या मोहरीची."

लुंडुपने मूठ उघडली. मोहरी घामाने तळहाताला चिकटली होती.

तोवर गाव जमलं. शावोची बायको मधोमध उभी राहून रडत होती आणि बायका तिच्यावर तुटून पडल्या होत्या. "आता खा तो मोबाईल उकडून!" एक म्हातारी ओरडली. शावो बायकोला पाठीशी घालायचं सोडून जमिनीकडे बघत होता.

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. एकतीस वर्षं पीक राखलेल्या माणसाला कोण बोल लावणार होतं? पण लुंडुपला ते रडणं ऐकवेना.

"तिला सोडा," तो म्हणाला. "दुधाने काही झालं नाही. मीच मोहरी फेकली नाही."

आधी कुणाला काही कळेना. मग शावोने तीनचाकीवरच्या प्लास्टिकचा कोपरा वर केला. आत पोती होती, आणि वरच्या पोत्यातून मिरच्या दिसत होत्या, हिरव्यागार, कोरड्या. त्याने एकदा चाकमोकडे पाहिलं, एकदा तिच्या बापाकडे, आणि कोपरा हळूच खाली सोडला.

चाकमोने बापाचा हात धरला. "चला आबा, घरी."

ती दोघं निघाली. वाट द्यायला कुणी बाजूला सरकलं नाही.