बिनमुंडक्याचा कोट

सरळ नाचगाणं मला फार वेळ बघवत नाही. खुर्च्या नाचतात, पिक्चर उलटा पळतो, गाणारा मधेच कोंबड्यासारखा आरवतो, असलं काही असलं की मी पुढं सरकून बसतो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणू द्या. मी चौथीतनं शाळा सोडली, पण वाजवण्यातलं मला कोणी शिकवू नये. सारी उमर लग्नाच्या बँडमध्ये ढोल बडवलाय. थोरला भाऊ क्लारनेट वाजवायचा.

भाऊ गेला. वहिनींनी त्याचा बँडचा लाल कोट खुंटीवर तसाच ठेवला. कॉलेजात नाच शिकणाऱ्या माझ्या नातीनं तिच्या खेळासाठी तोच मागितला. काळे कपडे घातलेल्या दोन पोरी अंधारात काठीवर कोट धरणार. पोरी दिसणार नाहीत, नुसता कोट नाचणार. मला लई आवडलं.

वहिनी म्हणाल्या, "न्या. पण भावजी, लोक त्याला हसले तर मी उठून कोट घरी नेणार. जित्तेपणी त्याला कोणी हसलं नाही."

"कोण हसतंय? मी आहे ना."

खेळ मुकुंदवाडीतल्या एका शाळेच्या हॉलात होता. दिवे मालवले. भाऊ घरात एकटाच वाजवत बसायचा, ते वहिनींनी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तेच लावलं. एका झोतात नुसता कोट आला. कॉलरच्या वर काहीच नाही, तरी तो आमच्याकडं बघतोय असं वाटायचं. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भुताखेताला थारा नाही. तरी हातावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

एकटा वाजवतानाही भाऊ माझ्या ढोलाची जागा मोकळी सोडायचा. तेवढा थांबायचा, मग पुढची ओळ धरायचा. पोरींना हे काय ठाऊक? त्यांना वाटलं, फोन अडकतोय. त्या जागेला त्यांनी कोट नुसता उभा केला, घरची वाट विसरलेल्या माणसासारखा. पहिल्यांदा कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्यांदा अर्धा हॉल हसला. पुन्हा क्लारनेट थांबलं, तशा वहिनी पदर खोचून उठल्या.

"सरका भावजी."

मी सरकलो नाही. शेजारी प्लास्टिकची रिकामी खुर्ची होती. तिच्यावर दोन्ही हातांनी माझी जागा वाजवली, अगदी वरातीत वाजवायचो तशी. हसू बंद झालं. शेवटचा हात पडला अन् बरोबर त्याच्यावर क्लारनेटनं पुढची ओळ उचलली. कोटाचे खांदे वर आले. वहिनी उभ्याच राहिल्या. शेवटपर्यंत उभ्या होत्या.

टाळ्या झाल्या. नात पळत आली. "आबा, वाचवलंत! तुम्ही वाजवलंत ना, रेकॉर्डिंग तिथंच संपतंय. तुमच्या खुर्चीवर आम्ही तसंच नाचवत राहिलो."

"मग क्लारनेट?"

"कसलं क्लारनेट? काय आबा, तुम्ही पण!" ती हसत गेली. मी पण हसल्यासारखं केलं.

रिक्षात वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ते तिथंच संपतंय. त्या दिवशी ताट वाढलं होतं, म्हणून मीच फोन बंद केला होता." अन् विचारलं, "तुम्ही ऐकलं ना?"

मी बाहेर बघत बसलो. भुताखेताच्या गोष्टींवरून मी लोकांशी भांडलोय, नातलग तोडलेत.

"भावजी."

"व्हय," म्हणालो. "ऐकलं."

त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हा कुठं माझं लक्ष त्यांच्या मांडीकडं गेलं. हात रिकामे होते.

"अहो, कोट राहिला की! फिरवू का रिक्षा?"

"राहू द्या पोरींकडं," वहिनी म्हणाल्या. "हसायचं त्यांनी हसावं. त्याला काम लागलंय. अन् पुढच्या खेळाला खुर्ची नका बडवू, बरं दिसत नाही. ढोल आणा."

रिक्षावाल्यानं आरशातनं आमच्याकडं एकदा बघितलं अन् रिक्षा जोरात हाणली.