एका दमातला सूर

एका थोर गायिकेच्या स्मृतिदालनात मी मावशीला घेऊन गेले होते. मावशीने उभं तारुण्य या बाईंच्या मागे बसून तंबोरा छेडण्यात घालवलं. मधल्या मोठ्या फोटोत बाई डोळे मिटून गात होत्या. मागे तंबोऱ्याच्या तारांवर कुणाची तरी बोटं होती आणि मनगटापाशी फोटो कापलेला होता. खाली लिहिलं होतं, ‘बाईंनी स्वतः निवडलेलं छायाचित्र.’

“बोटं माझीच,” मावशी म्हणाली.

थोरामोठ्यांच्या चरित्रांवर मी पोसलेली. आता प्रत्येक चरित्राच्या कडेला मला कात्रीच दिसणार.

तेवढ्यात बाईंचं गाजलेलं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्यातला वरचा षड्ज म्हणे त्यांनी एका दमात धरला होता, तशी पाटीच होती तिथे. खरं तर दम संपत आला की बाई करंगळी हलवायच्या. मागून मावशी तोच सूर अलगद उचलायची आणि बाई श्वास घेऊन परत यायच्या. “तू आहेस म्हणून मी आहे गं,” असं त्या म्हणायच्या, पण घरात, दार लावून.

“चल, निघू या,” मी चिडून म्हणाले.

“थांब गं, माझी जागा येतेय.”

तिने छाती भरून श्वास घेतला. सूर कुठेही तुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोकडे बघून.