माणूस नंबर एक

आता काय सांगू तुम्हाला! माझा सत्कार झाला हो. शाल, नारळ, गळ्यात झेंडूचा हार, सगळं हिवरखेडच्या सभागृहात, माईक लावून. आणि त्या हारासकट मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. हसू नका. चहा घ्या आधी, मग ऐका.

मी अकोल्याच्या जठारपेठेतला निवृत्त मास्तर. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पेशी, गुणसूत्रं, डीएनएची ती पिळाची शिडी फळ्यावर किती वेळा काढली असेल! हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढे जे झालं ते न शिकलेल्या माणसाच्या हातून झालं असतं, तर त्याला माफी तरी होती.

हिवरखेडला आमची संत्र्याची बाग आहे. ती सांभाळतो नामदेवभाऊ, माझ्याच वयाचा आणि बोलायला फटकळ. बागेत वानरांचा एक कळप असतो. कळपातला एकमेव मोठा नर म्हणजे आमचा 'सरपंच'. दिवसभर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची आणि काम काही करायचं नाही, म्हणून हे नाव. वीस वर्षं आम्ही या वानरांना ढेकळं मारण्यापलीकडे त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीहून वैदेही मॅडम आल्या. वानरांच्या आनुवंशिकतेवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ. कळपातली पाच पिल्लं खरंच सरपंचाची आहेत का, हे त्यांना शोधायचं होतं.

"मग काय, सुई टोचणार?" मी विचारलं.

"छे हो सर! अंगाला हातही लावायचा नाही. लेंडी पुरते."

"लेंडी?"

"लेंडी बाहेर येताना आतड्याच्या पेशी तिच्या वरच्या थराला चिकटतात. त्या पेशींत डीएनए. अर्धा आईचा, अर्धा बापाचा. पिल्लाची, आईची आणि नराची लेंडी मिळाली की बाप कळतो."

खरं सांगतो, अंगावर काटा आला. जन्मभर मी मुलांना शिडी काढून दाखवली, आणि अख्खी वंशावळ माझ्याच बागेत झाडाखाली पडलेली! आम्ही चपलेनं ती बाजूला सारत होतो.

"पण घाई आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन तरणे नर आसपास फिरताहेत. ते सरपंचाला आज-उद्या हाकलतील. बाकीचे इथंच राहतील, त्यांचे नमुने पुन्हा मिळतील. तो एकदा गेला, की माझं दोन वर्षांचं काम अर्धवट राहील."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्या दुर्बीण लावून बसल्या. कोणत्या वानराची लेंडी कुठे पडली ते पाहायचं, तिथे आकडा लिहिलेला छोटा झेंडा रोवायचा आणि वहीत लिहायचं. दहा वाजेपर्यंत अकरा झेंडे. सरपंचाचाही होता! मग त्या नळ्या आणि हातमोजे आणायला रस्त्यावरच्या जीपकडे गेल्या.

"सर, कुणी हात लावणार नाही, एवढं बघाल ना?"

"अगदी निश्चिंत जा!"

त्या गेल्या आणि माझ्या मनात आलं, एवढी शिकलेली बाई आपल्या बागेत पाहुणी आली, आणि तिनं वाकून वाकून वानराची लेंडी वेचायची? आपल्याकडे पाहुण्याला जेवलेलं ताट तरी उचलू देतो का आपण? मी लागलो वेचायला.

"गुरुजी, बाई हात लावू नोका म्हनून गेली ना जी?" नामदेवभाऊ ओरडला.

"अरे, ते दुसऱ्याले म्हनलं. आपन काय दुसरे हाओ का?"

"अन् पुसून काहून राहिले?"

"माती लागली हाय. असा माल देतेत का कोनाले?"

काय करणार! संत्र्याच्या बागेतली सवय. फळ द्यायचं तर खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसून द्यायचं. अकराच्या अकरा मी चकचकीत पुसल्या. पुसल्यावर प्रतवारी आलीच. मोठा माल एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक एकीकडे, तीन ढीग केळीच्या पानावर. झेंडे उपटून, मोजून, वर रबर लावलं. नीटनेटकेपणा माझ्या रक्तातच आहे.

मॅडम आल्या.

"सर... झेंडे?"

"हे काय. एकही हरवला नाही!"

"आणि हे... पुसलंय?"

"स्वच्छ!"

मॅडम धुऱ्यावर खालीच बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्या तीन ढिगांकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, वरचा थरच तर हवा होता."

तुम्हाला सांगतो, तेवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आदल्या दिवशीच त्यांनी समजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती!

तरी त्यांनी त्या अकरा लेंड्या नळ्यांत भरल्या, एखाद्यावर काही उरलं असेल म्हणून. मग माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. "तुमचाही डीएनए लागेल सर," म्हणाल्या. का लागेल हे मी विचारलं नाही. मला वाटलं, संशोधनात घेतलं आपल्याला! मघाची लाज तिथल्या तिथे निम्मी झाली.

पुढचे तीन दिवस मी मॅडमच्या शेजारी निंबाखाली बसून काढले. नजर एकाच वानरावर. आणि खरं पाहणं काय असतं ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गावठी कुत्री बागेत घुसली. सगळ्यात लहान पिल्लू जमिनीवर एकटं सापडलं. सरपंच निंबावरून थेट कुत्र्यांच्या पुढ्यात उतरला. दात करकरा वाजवले, अंगावर धावून गेला आणि कुत्री शेपूट घालून पळाली. मग पुन्हा वर जाऊन बसला, काही झालंच नाही असा! नामदेवभाऊनं हातातलं ढेकूळ खाली टाकलं.

"बाप हाय थो," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंचानं कृपा केली. बरोबर माझ्यासमोर! मॅडम बागेच्या दुसऱ्या टोकाला होत्या, त्या यायच्या आत दुसऱ्या वानरानं तुडवली तर? मी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, श्वास रोखला. मॅडमच्या लाकडी काडीनं नमुना नळीत ढकलला, झाकण लावलं. बारावा नमुना. त्यानंतर दोनच दिवसांनी तरण्या नरांनी सरपंचाला हाकललं आणि तो पुन्हा कधी दिसला नाही.

काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. "सर, निकाल आला. चार पिल्लं सरपंचाची. पाचवं नाही."

"पाचवं कोणतं?"

"सगळ्यात लहान."

ज्याच्यासाठी तो कुत्र्यांवर धावून गेला, ते त्याचं नव्हतंच! आणि हे एका सुपारीएवढ्या लेंडीनं सांगितलं. मी नामदेवभाऊला सांगितलं तर तो म्हणाला, "लेंडी सांगन ते सांगन. बाप थोच."

मग मॅडमचा छापील शोधनिबंध घरी आला, इंग्रजीत. शेवटी एक तक्ता होता. त्यात मॅडमच्या प्रयोगशाळेतले तिघे मदतनीस आणि पहिला 'माणूस १', म्हणजे मी! तसं मॅडमनी पत्रात कळवलं होतं. नमुना एक ते अकरा, प्रत्येकापुढे माझी खूण. बाकीच्यांच्या नावावर एकही नाही! मी म्हटलं, एवढं काम केलं आपण? वरचं बारीक अक्षर कोण वाचतो! चौकट करून तक्ता बैठकीत लावला, गावभर सांगितलं, आणि गावानं सत्कार ठरवला. प्रमुख पाहुण्या वैदेही मॅडम.

मी भाषणात तक्ता उंच धरला. "नमुना एक ते अकरा!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मॅडम उठल्या. बिचाऱ्या चाचरत होत्या, पण शास्त्रज्ञ खोटं कसं बोलणार? "सरांचे आभार. फक्त... हा तक्ता खराब झालेल्या नमुन्यांचा आहे. कोणत्या नमुन्यात कोणत्या माणसाचा डीएनए मिसळला, ते यात आहे. पहिल्या अकरात सर इतके सापडले, की वानर सापडलंच नाही."

सभागृहात हशा कोसळला. मी हारात तोंड लपवलं.

"पण," मॅडम म्हणाल्या, "बारावा नमुनाही सरांनीच घेतला. त्यात सर शोधूनही सापडत नाहीत. नुसता सरपंच आहे, अख्खा. तो एक नसता, तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं."

माझे डोळे भरून आले. विज्ञानात मी एकदाच कामाला आलो, आणि तेही जिथे मी कुठेच नव्हतो तिथे!

निघताना मॅडमना द्यायला संत्र्यांची टोपली आणली. वरच्या फळावर जराशी माती होती. माझा हात आपोआप दुपट्ट्याकडे गेला.

मागून नामदेवभाऊ ओरडला, "गुरुजी! हात लावू नोका!"