फाइलचं वजन

महाळुंग्याच्या कारखान्यातले स्टोअरचे काका माझ्या फाइलींना टेम्पोच समजतात. भोसरीत बसून मी जावात लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामने त्यांच्या एफटीपी सर्व्हरवर पार्टचं ड्रॉइंग चढवलं, की लगेच फोन. "गाडी सुटली का, राव? वजन किती?" मी सांगितलेले फाइलच्या आकाराचे केबी ते आवक वहीत 'वजन' या रकान्यात लिहितात. मला जाम हसू यायचं.

परवा त्यांनी एक ड्रॉइंग परत पाठवलं. फाइलला नाव दिलं होतं, 'नाकारलेला माल'. "वजन कमी भरतंय. वाटंत सांडलं का काय?"

बघतो तर माझा प्रोग्राम खरंच फाइल अर्धवट सोडत होता. त्या ड्रॉइंगवरून मशीनवर जॉब लागला असता, तर सगळा भंगारात गेला असता.

"काका, आता प्रोग्रामच पोचलेलं वजन तपासतो," मी ऐटीत सांगितलं.

"काटा बसवला, बरं केलं. त्याला सरकारी शिक्का हाय ना?"