दोन्ही बाजूंचं पाणी

टेमघरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरातला गॅसचा पाइप कधीही गळत नव्हता. शेजारी अजून आमच्या दाराशी आले की हुंगून घेतात, म्हणून हे लिहून ठेवतो. पाइप जोडणारा बबन राहनाळचा, माझा जुना विद्यार्थी. त्याच्या कामात दोष नव्हता. दोष माझा होता, आणि मी हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे.

गॅस सोडण्याआधी बबनने पाइपमध्ये पंपाने हवा भरली आणि यू आकाराची एक काचेची नळी रबराने त्याला जोडली. नळीत लाल पाणी. (मॅनोमीटर. हा शब्द मी निदान हजार मुलांकडून घोटून घेतला आहे.)

"सर, पंधरा मिनिटं हात नका लावू. वरचं घर बघून येतो," बबन म्हणाला.

मी पाहिलं, तर एका बाजूचं पाणी खाली, दुसऱ्या बाजूचं वर. माझ्या फळ्यावरच्या आकृतीत दोन्हीकडची पातळी सारखी असे. नसली तर मी अर्धा गुण कापत असे. बबन घाईत चुकला असणार, म्हणून मी रबर जरा सैल केलं. फुस्स झालं, पाणी समपातळीत आलं. रबर घट्ट बसवून मी समाधानाने पेपर उघडला.

बबन परत आला आणि नळीपाशी उकिडवा बसला. "प्रेशर उतरला सर. लीक हाय कुठंतरी."

तासभर त्याने एकेका जोडाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. त्याने पुन्हा हवा भरली, वर गेला, आणि मी पुन्हा पातळी सारखी केली. (या वेळी जास्त काळजीपूर्वक.)

"अरे, पाणी सारखं तर आहे. मग बिघडलं काय?" तो परत आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदाने, त्याला विचारलं.

"काकू, सारखं झालं म्हंजेच हवा गेली. वरखाली राह्यला पायजे."

मी पेपर तोंडासमोर धरला. आमच्या शाळेतला मॅनोमीटर कुलपातल्या कपाटात होता. त्यात हवा भरलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात गॅस कंपनीचा सुपरवायझर आला आणि त्याने बबनकडून सगळं ऐकून घेतलं. "दोनदा टेस्ट फेल? ओट्याची फरशी फोडावी लागेल. बबन, सामान ठेव आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, जोड पक्का हाय. मी सोता आवळलाय."

"मग हवा काय भुताने खाल्ली?"

बबनने हातातला पाना खाली ठेवला. हे काम मिळेपर्यंत तो गोदामात गोण्या उचलत होता. आणि मी तिसऱ्यांदा तीच हवामानाची बातमी वाचत होतो.

"अहो," सुनंदा म्हणाली, "मघाशी दोनदा फुस्स झालं, ते कशाचं?"

मग मी सगळं सांगितलं. सुपरवायझरने स्वतः हवा भरली. पंधरा मिनिटं आम्ही चौघे त्या नळीसमोर मयताला उभे राहावं तसे उभे होतो. पाणी तसूभर हललं नाही. बबनचं काम राहिलं.

जाताना सुपरवायझरने विचारलं, "सर, तुम्ही शाळेत काय शिकवायचात?"

"मराठी," मी म्हणालो.

बबन खाली मान घालून नळी पुसत होता. म्हणाला, "हां साहेब. जाम भारी शिकवायचं सर."